तीन वाजताची नोंद

मंगळवार, २ एप्रिल

आधी एक दुरुस्ती. गुरुवार, २८ मार्चला मी इथे "तीन वाजता प्रोब परत पाण्यात सोडला" असं लिहिलं आहे. तीन ही वेळ नेमकी नाही. प्लांटवरच्या नोंदवहीत आम्ही वेळा पाव-पाव तासाच्या हिशेबाने लिहितो, आणि घरी येऊन मी त्याच आठवून इथे उतरवते. खरी वेळ तीनच्या चार-पाच मिनिटं अलीकडे नाहीतर पलीकडे असेल. आई म्हणायची, चुकलेलं गिरगटून टाकायचं नाही. एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी खरं लिहायचं आणि सही करायची. तशी रेघ मारली आहे. सही केली आहे.

आई असंही म्हणायची की अनोळखी माणसाने वही उघडली तरी त्याला कळलं पाहिजे. म्हणून लिहिते. प्रोब म्हणजे हवेच्या टाकीत साखळीने सोडलेलं मनगटाएवढं नळकांडं. गावाचं सांडपाणी त्या टाकीत येतं आणि जंतू त्यातली घाण खातात. त्यांना श्वास घ्यायला खालून हवा सोडावी लागते. पाण्यात ऑक्सिजन किती उरला तो आकडा प्रोब सांगतो. दोनच्या आसपास असला की ठीक. खाली गेला की हवा फुंकणारे ब्लोअर आपोआप जोर धरतात, वर गेला की मंदावतात.

चार दिवसांच्या ईस्टरच्या सुट्टीनंतर आज कामावर गेले तर फाटकाशी रोवीनाची गाडी. ती आमची साहेब, होबार्टहून महिन्यातून एकदा येते. आज महिन्याचा तो दिवस नव्हता.

झालं ते असं. प्रोब पाण्यात नव्हताच. कठड्याच्या हुकाला लटकत होता. तो उघड्या हवेतला आकडा सांगत राहिला, नऊ. ब्लोअरना वाटलं भरपूर झालं, ते अगदी हळू फिरत राहिले. गावात सुट्टीची दुप्पट माणसं, आणि टाकीला हवा नाही. भोंगा वाजला नाही, कारण तो आकडा खाली गेला तरच वाजतो. आकडा वर जाणं वाईट असू शकतं असं तो लावताना कुणाच्या मनात आलं नव्हतं. सुट्टीतली तपासणीची फेरी गेल्या वर्षीच बंद केली आहे. रविवारपर्यंत टाकी नासली, गाळ तरंगून वर आला, सांडव्यावरून खाडीत गेला. पाणी इतकं गढूळ होतं की जंतू मारणारे जांभळे दिवे जळत होते तरी उजेड आत शिरत नव्हता. खाडीत कालवांची शेती आहे.

नेव्हनी सगळ्यांसमोर सांगितलं. नेव्ह म्हणजे नेव्ह टार्गेट, इथे एकोणतीस वर्षं. मी त्यांच्या हाताखाली शिकते.

"गुरुवारी साडेचारला मीच बाहेर काढला," ते म्हणाले. "पोरीने धुतला होता. पण हल्लीच्या पोरींच्या धुण्यावर माझा विश्वास नाही. म्हटलं आपण एकदा बघू. बघितला, लटकवला, आणि गेलो घरी. म्हातारा झालो."

"हे लिहून द्याल?" रोवीनाने विचारलं.

"शुद्धलेखन तू तपासणार असशील तर देतो."

कुणी हसलं नाही.

मी आतापर्यंत एक्केचाळीस गुरुवार प्रोब धुतला आहे. एकदाही ते परत बघत नाहीत असं मला वाटत होतं.

सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले होते. सडक्या अंड्यांसारखा वास आहे म्हणे. मला आला नाही. फेब्रुवारीपासून मला वास येत नाही. विचारलं तेव्हा मी सर्दी झाली म्हणून सांगितलं. तीही दुरुस्ती इथेच करते: सर्दी नाही.


बुधवार, ३ एप्रिल

टाकीचा रंग काळा. एरवी दुधाच्या कॉफीसारखा असतो.

नेव्हना काढणार असं ठरल्यासारखंच आहे, पण टाकी बरी करायला दुसरं माणूस नाही, म्हणून ती बरी होईपर्यंत त्यांना ठेवलं आहे. हे रोवीनाने त्यांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे फाशीचा दोर मीच वळायचा. चालेल, हात सरावलेले आहेत."

ब्लोअर सध्या हाताने चालवायचे आहेत; मी ते पूर्ण जोरावर टाकायला निघाले होते. त्यांनी हात धरला.

"अगं थांब. चार दिवसांचा उपाशी आहे गाळ. त्याला एकदम पोटभर वाढशील तर मरेल. आज अर्ध्यावर. उद्या थोडं वर. मंडळींना आधी कळू दे की आपण परत आलोय."

जंतूंना ते मंडळी म्हणतात.

दुपारी नेव्हबरोबर दुकानात गेले, तिथे डेस भेटला. डेस नेव्हच्या बहिणीचा नवरा. खाडीतल्या कालवांच्या अर्ध्या रांगा त्याच्या. रविवारी तपकिरी साय त्यानेच पहिल्यांदा पाहिली आणि नेव्हना फोन केला; नेव्हनी जाऊन प्रोब पाण्यात सोडला. त्या रविवारपासून एकवीस दिवस एकही कालव काढायचं नाही, असा हुकूम आहे. म्हणजे एकवीस तारखेपर्यंत.

"काय रे," डेस म्हणाला, "एकोणतीस वर्षं दुसऱ्यांची घाण बघत होतास, शेवटी आपल्या माणसाच्या ताटात नेऊन ओतलीस?"

"चुकलं, डेस."

"चुकलं म्हणतो! तुझ्या बहिणीला सांग चुकलं म्हणून. ती आज सकाळपासून पिंपं धुतेय. रिकामी पिंपं. दुसरं काम नाही."

नेव्हनी शिंपल्याचं सारण भरलेल्या दोन पेस्ट्री घेतल्या, एक मला दिली. मी ती खाल्ली. गरम होती.


शुक्रवार, ५ एप्रिल

टाकी: आकडा ०.४. ब्लोअर सत्तर टक्के. रंग काळपट तपकिरी.

माझ्या स्टुलावर फडकं घडी करून ठेवलेलं होतं. प्रोब पुसायचं, निळ्या चौकड्यांचं. आईच्या स्वयंपाकघरातल्या पंच्याचे मी चार तुकडे केले होते, त्यातलं एक. हे सुट्टीत हरवलं असं मी धरून चालले होते. स्वच्छ धुतलेलं होतं. मी धुतल्याचं आठवत नाही, पण धुतलं असणार. नाकाशी धरलं तर निलगिरीच्या तेलाचा अगदी थोडा वास आला असं वाटलं. प्लांटवर निलगिरीचं तेल नेव्हच वापरतात; आमच्या घरी कपड्याला पिवळा साबण लागतो. वास आला हे लिहून ठेवते, कारण दीड महिन्यातला पहिला. परत धरलं तेव्हा आला नाही.

संध्याकाळी भावाचा, टोबीचा फोन. आईच्या वह्यांचं काय करायचं म्हणून. शेडमध्ये सात खोकी आहेत. आम्ही दोघं पंधरा वर्षांचे होईपर्यंत घरीच शिकलो, आईजवळ, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. तिने एकही वही टाकली नाही. टोबीला शेड शेळ्यांसाठी हवी आहे.

"गुरुवारी विचारलं तेव्हा तू 'बघू' म्हणालीस," तो म्हणाला. "आठवडा झाला. अजून बघतेच आहेस का?"

मला तो फोन आठवत होता, पण तो काय म्हणाला ते आठवत नव्हतं. वारा फार होता, कठड्यापाशी ऐकू येईना, म्हणून मी गाडीत जाऊन काच वर केली एवढं आठवतं. तो म्हणे खोकी जाळायची का असं विचारत होता. गाडीत बसल्यावर पुढची आठवण थेट घरातली आहे, चुलीपाशी. बूट पायात होते.

वह्यांवरून आठवलं. दर बुधवारी टेबलाच्या टोकाला एक मोठा माणूस बसायचा. मी सहा-सात वर्षांची असेन. त्याच्या हातात पेन्सिल अगदी लहान दिसायची. आम्ही त्याच्याकडे बघत राहिलो की आई म्हणायची, "डोळे आपापल्या वहीत." ते नेव्ह होते. ते तेव्हा प्लांटवर मदतनीस होते; त्यांना वरच्या जागेची परीक्षा द्यायची होती आणि त्यासाठी वाचता यायला हवं होतं. पास झाले तेव्हा त्यांनी आईला एक पोतं बटाटे आणून दिले. प्लांटवर याबद्दल आम्ही कधी बोललो नाही.


सोमवार, ८ एप्रिल

बरणीची चाचणी: टाकीतलं पाणी लिटरभराच्या काचेच्या बरणीत भरून अर्धा तास ठेवायचं आणि गाळ कुठवर बसतो ते बघायचं. गेल्या सोमवारी बसलाच नसता. आज सहाशेच्या खुणेवर. वरचं पाणी गढूळ.

"बसायला लागली मंडळी," नेव्ह म्हणाले. "आता भांडतील, मग बसतील. कुटुंबासारखंच."

रोवीना आली होती. अठराला, गुरुवारी सकाळी दहा वाजता, कालववाल्यांची सभा आहे गावच्या हॉलमध्ये. काय झालं ते त्यांना सांगायचं. नेव्हनी उभं राहून स्वतः सांगायचं, आणि मग त्यांचा राजीनामा घ्यायचा. त्यांना डिसेंबरात निवृत्त व्हायचं होतं. आठ महिने राहिले होते. निवृत्तीच्या दिवशी मागच्या टाकीशेजारी एक झाड लावायची इथे पद्धत आहे. आधीच्या तिघांची झाडं आहेत. राजीनाम्याला झाड नसतं.

रोवीनाने नोंदवही चाळली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"या सगळ्यात तुझी वही बघून बरं वाटलं. पंधरा वाजता परत पाण्यात, सही, सगळं जिथल्या तिथे. एक ध्यानात ठेव, हेस्टर. विसरलेलं माफ करता येतं. खोटी नोंद माफ करता येत नाही. खोटी नोंद केलेल्या माणसाला मी टाकीजवळ पुन्हा उभं करणार नाही. एक मेपासून तू कायम. नेव्हच्या जागी."

मी थँक यू म्हणाले.

नोंदवही ती बरोबर घेऊन गेली. सभेत दाखवायला लागणार. अहवालाला जोडायला प्रोबचा आलेख काढून ठेव, असं मला सांगून गेली. कुणी मागितला तर असावा म्हणून. तिने तो पाहिलेला नाही. कबुली असल्यावर कशाला बघेल.


बुधवार, १० एप्रिल

आलेख काढला.

गुरुवार, २८ मार्च. सकाळपासून दोनच्या आसपास. दोन पन्नासला एकदम वर, नऊ. ते मी प्रोब बाहेर काढला तेव्हाचं. बाहेर काढायचा, धुवायचा, ओल्या फडक्यात गुंडाळून हुकाला दहा मिनिटं लटकवायचा, आकडा स्थिर झाला की परत सोडायचा. अशी रीत आहे.

तीनला आकडा नऊ. सव्वातीनला नऊ. साडेचारला नऊ. नंतरही सगळी सरळ रेघ, रविवारी दुपारी एक चाळीसपर्यंत.

मी पट्टी लावून बघितलं. मग मशीनचं घड्याळ माझ्या घड्याळाशी ताडून बघितलं. दोन मिनिटांचा फरक आहे. दोन मिनिटांनी काही होत नाही.

साडेचारला कुणी प्रोब बाहेर काढला असेल तर त्याआधी तो आत असायला हवा होता. तो आत नव्हता.

आता मला आठवतं ते लिहिते. आठवतं म्हणजे समोर दिसत नाही, पण असंच असणार. ती दहा मिनिटं मी कठड्यापाशी उभी होते. वही हातात होती. रिकामं उभं राहवेना, म्हणून पुढची ओळ आधीच लिहून टाकली: १५:०० प्रोब परत पाण्यात. सही. मग फोन वाजला.

हे मी आधीही केलं आहे का ते मला माहीत नाही. एक्केचाळीस गुरुवारांतले किती गुरुवार मी आधी लिहिलं आणि मग केलं? कदाचित बरेच. प्रत्येक वेळी ते नंतर खरं झालं, म्हणून कळलं नाही.

म्हणजे दोन एप्रिलला मी जी दुरुस्ती केली तिचीही दुरुस्ती करायला हवी. वेळ चार-पाच मिनिटांनी चुकलेली नव्हती.

अक्षर बरं आलं आहे. आई गेली त्या दिवशीच्या पानावरही अक्षर बरं आलं आहे, मी आत्ता उघडून पाहिलं.


गुरुवार, ११ एप्रिल

प्रोब धुतला. परत सोडला. आकडा १.८ वर येईपर्यंत उभी राहिले. मग लिहिलं.

चहाच्या वेळी नेव्हसमोर आलेख ठेवला.

"नेव्ह, साडेचारला तुम्ही प्रोब बाहेर काढला नाही."

"काढला की."

"तो आधीच बाहेर होता. हे बघा, दोन पन्नासला वर गेलाय आणि उतरलाच नाही. आणि तुम्ही एक वाजता खालच्या पंपघरावर गेलात, चारनंतर येतो असं सांगून. मीच लिहिलंय."

ते चहा ढवळत राहिले. ते साखर घेत नाहीत.

"तुझ्या त्या लिहिण्याने एक दिवस कुणाचातरी जीव जाणार आहे."

"तुम्ही खोटं का सांगितलंत?"

"हे बघ. माझे आठ महिने. तुझी चाळीस वर्षं. एवढी वजाबाकी तुला घरी शिकवली नव्हती?"

मी म्हणाले, ही वजाबाकी होत नाही. आठ महिने तुमचे आहेत आणि चाळीस वर्षं माझी. वेगवेगळ्या माणसांच्या गोष्टी एकमेकांतून वजा करता येत नाहीत.

"अगदी तशीच," ते म्हणाले. कशी ते सांगितलं नाही.

"आणि माझ्या धुण्यावर विश्वास नाही म्हणालात ते?"

"ते तर सगळ्यात मोठं खोटं. रोवीनाला पटावं म्हणून तेवढी फोडणी घालावी लागली." मग म्हणाले, "तो कागद चुलीत घाल, पोरी. अठराला मी उभा राहतो, डेस चार शिव्या घालतो, पाऊण तासात मोकळे. मी डेसच्या शिव्या तीस वर्षं खातोय, मला पचतात. तुझ्या आईला जाऊन दोन महिनेसुद्धा झाले नाहीत. तुला आत्ता तिथे कुणी उभं करणार नाही."

आईचा याच्याशी काय संबंध ते मला कळलं नाही. मला वाटतं ते थकले असावेत. एकोणतीस वर्षं झाली. डिसेंबरपर्यंत थांबण्यापेक्षा आत्ताच सुटावं असं त्यांना वाटत असेल, आणि तसं सरळ म्हणता येत नसेल. तसं असेल तर मी बोलून त्यांची अडचणच करीन. याचा विचार केला पाहिजे.

त्यांनी ते खोटं होतं असं सांगितल्यावर मला काय वाटलं ते इथे लिहायचं होतं. दहा मिनिटं पेन धरून बसले. काही सापडलं नाही.


शुक्रवार, १२ एप्रिल

थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. देठावरचे घंटेसारखे जीव दिसले, चार. हे दिसले की टाकी सुधारली असं समजायचं. नासल्या पाण्यात ते आधी जातात आणि सगळ्यांच्या शेवटी परत येतात. नेव्हना हाक मारली. त्यांनी एक डोळा मिटून बघितलं.

"आले का पाहुणे? या, बसा." मग मला, "मोजलेस का?"

"चार."

"पाच आहेत. कडेला एक लाजून उभा आहे."

मी परत बघितलं. पाच होते. चारवर रेघ मारली.

ते खिडकीशी उभे राहून मागच्या टाकीकडे बघत होते. तिथली तीन झाडं, आणि चौथ्यासाठी त्यांनी मागच्या वर्षीच खणून दगडांनी आखून ठेवलेली जागा. मी आत आहे हे ते विसरले असावेत. बराच वेळ उभे होते. थकलेला, सुटायची वाट बघणारा माणूस तसा उभा राहत नाही, असं मला वाटलं. यावर मी एकदम विश्वास ठेवत नाही. पण लिहून ठेवते.


रविवार, १४ एप्रिल

आईच्या घरी गेले. टोबीबरोबर शेड रिकामी केली. वह्या जाळायच्या नाहीत असं सांगितलं. त्या मी माझ्या खोलीत ठेवणार. तो म्हणाला, "मग तू कुठे झोपणार, वहीत?" पण त्याने सातही खोकी गाडीत चढवून दिली.

तिसऱ्या खोक्यात एक हिरवी वही निघाली. वर वेड्यावाकड्या अक्षरात नेव्हिल. आत पानोपान आईच्या लाल रेघा. एकेक रेघ, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी त्याच वेड्यावाकड्या अक्षरात बरोबर शब्द आणि सही. शेवटच्या पानापर्यंत रेघा कमी होत जातात.

टोबीने विचारलं, ही कुणाची. मी सांगितलं, नेव्हची आहे, त्यांना परत द्यायला हवी. दुसऱ्याची वस्तू आहे.

मग आम्ही खोक्यांवर बसून शेळ्या बघत होतो. टोबी म्हणाला, "रडतेस काय?" मी गालाला हात लावून बघितला. ओला होता. केव्हापासून ते सांगता येणार नाही, म्हणून वेळ लिहीत नाही.

आता ठरवलं आहे ते.

नोंदवही रोवीना सभेला घेऊन येणार आहे. त्या दिवशी गुरुवार आहे, म्हणजे प्रोब धुवायचाही दिवस. तो मी दुपारी न धुता सकाळी आठला धुवीन. परत सोडीन. आकडा दोनवर येईपर्यंत तिथून हलणार नाही. फोन गाडीत ठेवीन. मग नेव्हना त्यांची हिरवी वही देईन आणि हॉलमध्ये जाईन.

नेव्ह उभे राहायच्या आधी मी उभी राहीन. रोवीनाकडून नोंदवही मागून २८ मार्चचं पान उघडीन. "१५:०० प्रोब परत पाण्यात" यावर सगळ्यांदेखत एक रेघ मारीन. शेजारी लिहीन: सोडला नाही. नोंद आधी केली होती. सही करीन आणि तेवढं मोठ्याने वाचीन, डेसला मागच्या बाकावर ऐकू जाईल असं. आलेख बरोबर नेते आहे.

त्यानंतर मला टाकीजवळ उभं करणार नाहीत. ते बरोबर आहे. झाडाची जागा आखलेली आहे, ती नेव्हच्या झाडासाठी तशीच राहील.

ही नोंद मी आधी लिहिते आहे. झाल्याशिवाय कुणी ती खरी धरू नये. खाली फक्त वेळ लिहिते, सही झाल्यावर करीन.

गुरुवार, १८ एप्रिल, सकाळी दहा.